दुधीची फुलं का गळतात
‘फुलं गळतात म्हणजे खत कमी पडतंय’ असं वर दोघांनी लिहिलंय, ते पटत नाही. दुधीला आधी नरफुलंच येतात, लांब बारीक देठाची, आणि ती गळणारच. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली पेराएवढा लवदार दुधी असतो. तो पिवळा पडून गळला तर बहुधा परागीभवन, म्हणजे नरफुलाचे पराग मादीफुलावर पोचणं, झालेलं नसतं.

फूल उमलण्याच्या वेळेचं मात्र कुणी लिहिलं नाही. लाल भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं, तिथे मधमाश्या येतात. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, त्याला पतंग लागतात. आमच्या चौथ्या मजल्यावर ते फिरकत नाहीत, म्हणून सातच्या सुमारास मी नरफूल तोडते, पाकळ्या काढून त्याचे पुंकेसर (मधला परागांचा भाग) मादीफुलाच्या कुक्षीवर (पराग धरणाऱ्या मधल्या टोकावर) अलगद फिरवते. मागच्या पावसाळ्यात असे पाच दुधी धरले.