पिवळ्या रिकाम्या खोल्या बघून तुम्हाला कुठली जुनी गोष्ट आठवली?

सांजवेळ
परवा जेवताना भाचा म्हणाला, "मामा, बॅकरूम्सची खरी जागा सापडली, माहितीये? खेळण्यांचं दुकान आहे ते." माझा घास हातातच राहिला. सापडून बराच काळ लोटलाय म्हणे, २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. मला आत्ता कळतंय.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे २०१९ मध्ये फोरचॅन या निनावी गप्पांच्या साइटवर कुणीतरी म्हणालं, बघून काहीतरी चुकल्यासारखं वाटेल असे फोटो टाका. त्यात एक फोटो आला. पिवळट वॉलपेपर, पिवळट गालिचा, छताला ट्यूबा, माणूस एकही नाही. त्याखाली एका निनावी माणसाने चार ओळी लिहिल्या. चुकीच्या जागी वास्तवातून आरपार घसरलात तर इथे येऊन पडाल. ओल्या गालिच्याचा कुबट वास, ट्यूबांची अखंड घरघर, आणि अंदाजे साठ कोटी चौरस मैल रिकाम्या खोल्या. जवळपास काही फिरताना ऐकू आलं, तर समजा त्याने तुम्हाला आधीच ऐकलंय. संपलं.

मी तेव्हा हिंजवडीत रात्रपाळीला होतो. आमचा वरचा मजला नुकताच रिकामा केला होता. टेबलं गेली, गालिच्यावर पायांचे चौकोनी खळगे तेवढे राहिले. चहाचं चालू मशीन मात्र वरच होतं, म्हणून पहाटे तीनला वर जायचो. फोटो बघितला त्याच्या दुसऱ्या रात्री कप भरेपर्यंत उभा होतो आणि ट्यूबांचा आवाज ऐकला. तो आवाज सहा महिने तिथे होताच, मी ऐकला नव्हता. कप तिथेच ठेवून जिन्याने खाली आलो.

तेव्हा आठवली अल्जर्नन ब्लॅकवुड या इंग्रज लेखकाची भयकथा 'द विलोज', १९०७ सालची. दोघे मित्र छोट्या नावेतून डॅन्यूब नदीने निघालेत, व्हिएन्ना मागे पडलंय, पूर आलाय, आणि रात्री एका बेटावर मुक्काम करतात. सगळीकडे वाळुंजाची झुडपं. भूत नाही, खून नाही, कुणाचा शाप नाही. ही जागा आपली नाही, एवढंच. हवेत सतत एक घुमणारा आवाज. सोबतचा स्वीडिश माणूस म्हणतो, त्यांचा विचार करू नकोस, विचार केलास की त्यांना आपण सापडतो. फोटोखालच्या त्या शेवटच्या ओळीत मला हाच माणूस बोलताना दिसला.

आता तुम्ही सांगा. इंटरनेटवरचं कुठलं गूढ डोक्यात बसलं आणि कुठल्या जुन्या गोष्टीने ते उलगडलं, किंवा आणखी गुंतलं?

ढब्बू_मिरची
पहिला नंबर! वाचते नंतर, कुकर लावलाय.

रातकिडा
'वास्तवातून घसरणं' हे मूळ गेमवाल्यांचं. क्वेक या गेममध्ये नोक्लिप अशी आज्ञा दिली की भिंतीतून आरपार जाता यायचं. ९७-९८ मध्ये नाशकात सायबर कॅफेत आम्ही हेच करायचो. भिंतीपलीकडे गेलं की काळी पोकळी, आणि सगळा नकाशा मागून दिसायचा, नाटकाच्या सेटला मागून ठोकलेल्या फळ्या दिसतात तसा. पोटात गोळा यायचा. खूप नंतर लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथालेखकाची 'ड्रीम्स इन द विच हाऊस' (१९३३) वाचली. गणिताचा विद्यार्थी भाड्याच्या खोलीत राहतो, खोलीचे कोन विचित्र आहेत, आणि त्या कोपऱ्यातून तो भलतीकडेच जाऊन पडतो. म्हटलं अरे, याला तर साठेक वर्षं आधी नोक्लिप सापडलंय.

खिडकी
माझं बॅकरूम्सचंच आहे पण वेगळं. लिहू की नको करत होते.

दुसरं बाळंतपण माहेरी झालं. मागची खोली, एकच खिडकी, तीही वारं लागेल म्हणून बंद. शेक-शेगडीचा धूर, ओल धरलेली भिंत, डिस्टेंपरचे पोपडे. सगळे प्रेमानेच म्हणत, तू आराम कर, काही करू नकोस. मला रडू यायचं, तर म्हणत दुधावर परिणाम होईल, रडू नकोस. पांघरुणात मोबाईलवर शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' वाचली. १८९२ ची आहे. बाई नुकतीच बाळंत झालेली, नवरा डॉक्टर, तिच्या भल्यासाठी तिला वरच्या खोलीत ठेवलंय, लिहायचीसुद्धा बंदी. पिवळा वॉलपेपर, त्याचा घरभर येणारा 'पिवळा' वास, आणि नक्षीमागे कुणीतरी बाई रांगतेय. लेखिकेने स्वतः असल्या आरामाचे उपचार भोगले होते.

तीन वर्षांनी नणंदेच्या मुलाने बॅकरूम्सचा फोटो दाखवला तेव्हा मी म्हटलं, ही खोली मला माहीत आहे. तो म्हणाला मामी तिथे राक्षस असतो. म्हटलं नाही रे, तिथे सगळे तुझ्या चांगल्यासाठीच असतात.

बाराखडी
खिडकीताई __/\__ आता बऱ्या आहात ना?

खिडकी
हो हो, मुलगा चौथीत आहे आता, डोकं खातो :)

ढब्बू_मिरची
आले. खिडकी, मला तर त्या खोलीतले डिंकाचे लाडूच आठवतात, आजही वासाने मळमळतं. बाकी मी भयकथा वाचत नाही, फक्त प्रतिसाद वाचते.

चहाबाज
मी वायरमन, त्यामुळे माझा मुद्दा आवाजाचा. ट्यूब आवाज करत नाही हो, चोक करतो. जुन्या तांब्याच्या चोकमधल्या पत्र्या सैल झाल्या की त्या थरथरतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, प्रत्येक फेरीत पत्र्या दोनदा ओढल्या जातात, म्हणून घूं सेकंदाला १०० वेळा. अमेरिकेत ६०, तिथे १२०. म्हणजे फोटोतल्या खोलीत आपल्यापेक्षा जरा वरच्या पट्टीत घुमत असणार. रिकाम्या हॉलमध्ये तो मोठा वाटतो कारण आवाज शोषायला सामानच नसतं. गूढ वगैरे काही नाही.

सांजवेळ
चहाबाज, तुम्ही एका वाक्यात मला सात वर्षांपूर्वीचा माझा कप परत दिलात.

बाराखडी
चहाबाज, आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब अशीच घुमते. रात्री झोपायच्या खोलीपर्यंत ऐकू येतं. काय करू?

चहाबाज
इलेक्ट्रॉनिक चोक टाका नाहीतर सरळ एलईडी पट्टी लावा. जुना चोक फेकू नका, भंगारवाला तांब्याचे पैसे देतो.

कोकम_सरबत
तुम्ही सगळे अमेरिकेत हिंडताय. ह्याला आमच्याकडे चकवा म्हणतात.

आजोबा कणकवलीच्या बाजारातून रात्री घरी यायचे, रोजची वाट. एकदा एकच काजूचं झाड चार वेळा आडवं आलं. वाट ओळखीची, पायाखालचा धोंडासुद्धा ओळखीचा, फक्त घर येत नाही. बरोबर शेजारचा गडी होता. तो म्हणाला, "खंय फिरतलस, हयच बस." दोघे बसले, विडी पेटवली, उजाडल्यावर बघतात तर घर हाकेच्या अंतरावर. सदरा उलटा करून घातला की चकवा सुटतो असंही म्हणतात.

माझं म्हणणं असं की चकव्याला उपाय आहे. बसा, विडी ओढा, सदरा उलटा घाला. बॅकरूम्सला उपाय नाही, म्हणून ते परकं वाटतं.

रातकिडा
+१. आणि हे धारपांनाही लागू. नारायण धारपांच्या भयकथा वाचून वाढलो. वाईट कितीही मोठं असो, त्यांचे नायक समर्थ येणार, बरोबर अप्पा जोशी असणार, आणि आपण पांघरुणातून डोकं बाहेर काढणार. लव्हक्राफ्ट पहिल्यांदा वाचला तेव्हा शेवटपर्यंत समर्थांची वाट बघत होतो. आलेच नाहीत.

कोकम_सरबत
हाहा, समर्थ व्हिसाच्या रांगेत.

एडिसनकर
लव्हक्राफ्टच्या दुनियेत त्यांना व्हिसा मिळणारही नाही. मी न्यू जर्सीत वीस वर्षं आहे. त्याची 'द हॉरर ॲट रेड हूक' वाचा, ब्रुकलिनमधल्या स्थलांतरितांची त्याला नुसती किळस आहे. आपण त्याच्या गोष्टीत असतो तर राक्षसाच्या बाजूला उभे असतो. म्हणून मला त्याच्या भीतीत पूर्ण शिरता येत नाही. ब्लॅकवुड तसा नाही, त्याला झाडांची भीती वाटते, ते परवडलं.

(इथे बर्फ पडतोय, मुलीचा पियानोचा क्लास रद्द, म्हणून एवढं लिहितोय.)

दुपारची_झोप
मला कँडल कोव्हने छळलं. २००९ ची, क्रिस स्ट्राउबने लिहिलेली. अख्खी गोष्ट अशाच एका धाग्याच्या रूपात आहे! मोठी झालेली माणसं लहानपणच्या टीव्हीवरचा बाहुल्यांचा, चाच्यांचा कार्यक्रम आठवतात. एकेक आठवण जास्त भयंकर. शेवटी एकजण आईला विचारतो, तर आई सांगते, तू 'कँडल कोव्ह बघतो' म्हणायचास आणि अर्धा तास टीव्हीवरच्या मुंग्या बघत बसायचास.

ढब्बू_मिरची
अगं शेवट सांगून टाकलास!!

दुपारची_झोप
सॉरी सॉरी. पण तू वाचत नाहीस ना भयकथा?

उगाच
ही वाचून मी पण आईला विचारलं होतं. दूरदर्शनवर एक लाकडी घोड्याचा कार्यक्रम लागायचा, मला स्पष्ट आठवतं, शीर्षकगीतसुद्धा. आई म्हणाली, आपल्याकडे तू पाचवीत जाईपर्यंत टीव्हीच नव्हता. मग म्हणाली, शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायचास. मग म्हणाली, पण त्यांच्याकडे तरी कुठे होता.

बाराखडी
उगाच, रात्रीचे साडेअकरा वाजलेत हो इथे.

मधली_सुट्टी
जरा गंभीर. शाळेत शिकवते, मुलगा बारा वर्षांचा. तो दिवसभर रोब्लॉक्स या ऑनलाइन गेमवर बॅकरूम्स खेळतो, लेव्हल शून्य (म्हणजे फोटोतल्या त्या पिवळ्या खोल्या), लेव्हल एक, कुठल्या खोलीत कुठला प्राणी, सगळं पाठ. पाढे नाहीत पाठ. मला त्याची भीती नव्हती, पण स्लेंडरमॅन प्रकरण वाचल्यापासून आहे. २००९ मध्ये एका फोटो बनवण्याच्या स्पर्धेतून आलेला बिनचेहऱ्याचा उंच माणूस, आणि २०१४ मध्ये बारा वर्षांच्या दोन मुलींनी त्याला खूश करायला मैत्रिणीवर चाकूचे एकोणीस वार केले. ती वाचली, देवाची कृपा. गाव वॉकेशा, विस्कॉन्सिन. आणि आता बघितलं तर बॅकरूम्सचं ते दुकानही विस्कॉन्सिनमध्येच, ऑशकोशला. योगायोग आहे, कळतं मला. तरी अंगावर काटा आला.

लेकाला म्हटलं, ही जागा खरी सापडली बरं का, दुकान आहे. तो म्हणाला, "आई, ते लेव्हल शून्यचं फक्त दार आहे." आता बोला.

एडिसनकर
मधली_सुट्टी, मुलगा वकील होणार.

बाराखडी
माझा एवढासाच. पेपर तपासायला दुसऱ्या गावी गेले होते, लॉजवर खोली १२, शेजारी १४. रात्री भिंतीपलीकडे कुणी खाकरत होतं. एम. आर. जेम्सची 'नंबर १३' वाचलेली, त्यात डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गच्या हॉटेलात तेरावी खोली फक्त रात्री असते आणि शेजारची खोली तेवढी आक्रसते. मी रात्रभर पलंगापासून दारापर्यंतची पावलं मोजली. सात. सकाळी मोजली, सात. मॅनेजर म्हणाला, तेरामध्ये आम्ही गाद्या ठेवतो, रामू तिथे झोपतो.

उगाच
रामूला सकाळी बघितलंत का पण?

बाराखडी
झोपा आता!

सांजवेळ
सगळे प्रतिसाद वाचले. भाच्याकडून नीट माहिती काढली ती सांगतो. फोटो जून २००२ चा. आधी तिथे फर्निचरचं दुकान होतं, ते खेळण्यांच्या दुकानवाल्यांनी घेतलं. रिमोटच्या गाड्या पळवायला ट्रॅक करायचा होता, त्या कामाचे फोटो २००३ मध्ये त्यांनी स्वतःच्या पानावर टाकले. त्यातला हा एक. काम कुठवर आलं ते दाखवायला काढलेला फोटो! पुढे पान बंद पडलं, लोकांनी जुन्या पानांच्या साठ्यातून ते खणून काढलं.

मला लव्हक्राफ्टची 'द म्युझिक ऑफ एरिक झान' आठवली. तो गल्ली सोडून पळतो, आणि नंतर कितीही नकाशे चाळले तरी ती गल्ली त्याला कधीच सापडत नाही. मला वाटायचं, न सापडण्यातच खरी भीती आहे. इथे तर जागा सापडली, सालासकट, पत्त्यासकट. भीती जायला हवी होती. पण परवा रात्री फोटो पुन्हा उघडला तर ती खोली तशीच. ऑशकोशच्या दुकानाचं आणि हिचं काही नातंच नाही जसं. मधली_सुट्टींचा मुलगा म्हणतो ते मला पटायला लागलंय, आणि त्याचीच काळजी वाटते.

आमचा तो वरचा मजला? तिथे आता जिम आहे. सहकाऱ्याने फोटो पाठवला. आरसे लावलेत चारी भिंतींना.

कोकम_सरबत
चारी भिंतींना आरसे!! सदरा उलटा घालून जा.

रातकिडा
'द विलोज'चा मराठी अनुवाद कुणाकडे आहे का? वडिलांना वाचून दाखवायचीय, त्यांची नजर गेलीये. आम्ही दोघे कधीकाळी नावेतून पुराच्या पाण्यात अडकलो होतो, तो किस्सा वेगळा लिहीन.

मधली_सुट्टी
लिहाच.

बाराखडी
धागा वर काढतेय. चहाबाज, एलईडी पट्टी लावली. आवाज बंद. जुन्या चोकचे पैसेही मिळाले. पण आता रात्री घर इतकं गप्प असतं की झोपच येत नाही, आणि काल पहिल्यांदाच लक्षात आलं की फ्रीजसुद्धा घुमतो.

चहाबाज
फ्रीज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.