विषय: स्नेहभोजनाची वाइन – शुक्रवारपर्यंत कळवावे

प्रेषक: भोजन समिती

नमस्कार मंडळी,
शनिवारी सकाळी बाटल्या आणायला मीच जाणार आहे. तांबड्या रश्श्याबरोबर रीझलिंग ही पांढरी वाइन घ्यायची, एवढेच बैठकीत ठरले. परंतु दुकानात एकाच मळ्याच्या, एकाच किमतीच्या दोन बाटल्यांवर ‘काबिनेट’ असे लिहिलेले आहे आणि मला वाइनमधले काहीच कळत नसल्यामुळे त्यांतली कोणती उचलावी हा प्रश्न पडला आहे.

प्रेषक: माजी सचिव, माइन्झ

ताई, द्राक्षे तोडली तेव्हा रसात किती साखर होती, एवढेच ‘काबिनेट’ सांगते. बाटलीत किती गोडवा उरला, हे त्यावरून कळत नाही. ‘ट्रॉकन’ छापले असेल तर ती ड्राय असते, म्हणजे लिटरमागे साखर जास्तीत जास्त ९ ग्रॅम. तसे काहीच छापलेले नसेल तर अल्कोहोलचा आकडा वाचावा: तो ८ किंवा ९ टक्के असेल तर बरीच साखर न आंबता तशीच राहिलेली असते, आणि १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुतेक सगळी साखर आंबून गेलेली असते. अल्कोहोलमुळे तिखटाची आग वाढते आणि गोडव्यामुळे ती निवते, म्हणून मोझेल नदीच्या खोऱ्यातली ८ टक्क्यांचीच घ्यावी.

प्रेषक: खजिनदार

गोड वाइन ठेवली तर जर्मन पाहुण्यांना आपण नवखे वाटू, अशी मला काळजी वाटते. शिवाय खरेदीची मंजुरी कार्यकारिणी देते, याची नम्र आठवण करून देतो. एखादी भारदस्त रेड का नको?

प्रेषक: माजी सचिव, माइन्झ

काका, मंजुरी आपलीच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु माझ्या घरी पहिल्यांदा मटण केले तेव्हा मी अशीच टॅनिनची, म्हणजे तुरट, रेड उघडली होती. दुसऱ्या घासाला तोंड कोरडे पडून नुसता जाळ झाला आणि पाहुणे पाण्यावर आले. मोझेलच्या पाटीच्या दगडाच्या उतारांवरची गोडसर रीझलिंग इथले जाणकार मानाने पितात, कारण तिच्या आंबटपणामुळे गोडवा जिभेवर चिकटत नाही.

प्रेषक: नाशिककर वहिनी

आमच्याकडची शेनिन ब्लां ही पांढरी वाइनही तिखटाबरोबर छान लागते. इथे मिळत असल्यास कोणी कळवावे.

प्रेषक: भोजन समिती

वहिनी, या वेळी तेवढा वेळ नाही. आज दोन्ही बाटल्या आणून रश्श्याबरोबर घरच्यांना दिल्या, ८.५ टक्क्यांची आधी संपली. काका, तिच्या बारा बाटल्यांना उद्यापर्यंत मंजुरी द्यावी, आणि सभागृहाच्या फ्रिजची किल्ली कोणाकडे आहे तेही कळवावे, कारण वाइन गार असल्याशिवाय वाढता येणार नाही.