निसरड्या रस्त्यावर ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवायचं की बंद करायचं?

नवचालक:
नमस्कार मंडळी, माझ्या आधीच्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नव्हतं, आताच्या गाडीत आहे, त्यामुळे हा प्रकार माझ्यासाठी नवीनच. रस्ता ओला असला आणि चढावर थांबून परत निघायचं असलं की डॅशबोर्डवर ती गाडी आणि खाली नागमोडी रेघा असलेली पिवळी खूण लुकलुकायला लागते, आणि नेमकं तेव्हाच ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी जोर धरत नाही, इंजिन घुसमटल्यासारखं होतं, खालून कटकट आवाजही येतो. सर्व्हिसिंगला दाखवलं, काही बिघाड नाही म्हणाले. आता ऑफिसातला एक जण सांगतो की पावसात बटण दाबून ते बंदच करून टाक म्हणजे पिकअप मिळेल, आणि घरचे म्हणतात की कंपनीने दिलंय तर हात लावू नकोस. दोघंही ठामपणे सांगतात पण कारण कोणीच सांगत नाही. नक्की कधी चालू ठेवायचं, कधी बंद करायचं, आणि ते आतमध्ये करतं काय हे कोणी नीट समजावेल का? गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे, गिअर मॅन्युअल.

टॉर्कपाना:
बिघाड नाहीये. ती खूण लुकलुकते म्हणजे सिस्टीम त्या क्षणी काम करतेय.

आत काय होतं ते सांगतो. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा एक सेन्सर असतो, एबीएसला (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं फिरायची थांबून घसरू नयेत म्हणून असलेली सोय) जे सेन्सर लागतात तेच हे. ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते त्यातलं एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फारच जोरात फिरायला लागलं की कॉम्प्युटरला कळतं की हे रस्ता सोडून नुसतं जागेवर गरगरतंय. मग तो दोन गोष्टी करतो. एक म्हणजे इंजिनची ताकद कमी करतो, तुम्ही पाय कितीही दाबा, म्हणून ती घुसमट. दुसरं म्हणजे गरगरणाऱ्या एकट्या चाकाला ब्रेक लावतो, तो कटकट आवाज एबीएसच्या पंपाचा आणि व्हॉल्व्हचा.

आता एकाच चाकाला ब्रेक कशाला, तर साधा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा संच, दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क (फिरवायचा जोर) देतो. म्हणजे डावं चाक शेवाळावर आलं आणि तिथे पकडच नाही, तर डाव्याला जेवढा किरकोळ टॉर्क पेलतो तेवढाच उजव्याला मिळतो, मग उजवं चाक कोरड्या डांबरावर असलं तरी उपयोग शून्य, गाडी हलत नाही आणि डावं चाक मोकळं फिरत राहतं. त्या मोकळ्या चाकाला ब्रेक लावला की त्याला फिरवायला जास्त टॉर्क लागतो आणि तेवढाच जास्तीचा टॉर्क आपोआप उजव्या बाजूलाही जातो. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं, आणि ब्रेक एका चाकावर हे तर ड्रायव्हरला पेडलने जमणारच नाही कारण पेडल एकच आहे.

म्हणून खूण लुकलुकली की पाय अजून दाबायचा नाही, थोडा वर घ्यायचा. चाक पुन्हा रस्ता पकडतं, सिस्टीम बाजूला होते, गाडी निघते. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

चढउतार:
वरचं सगळं बरोबर आहे, पण "हात लावूच नकोस" हेही पूर्ण खरं नाही. बंद करायची वेळ येते, गाडी रुतली की. चिखल, मऊ वाळू, भुसभुशीत बर्फ, अशा ठिकाणी चाक थोडं फिरू द्यावंच लागतं, कारण फिरताना टायरच्या खाचांमध्ये भरलेला चिखल बाहेर फेकला जातो आणि चाक वरचा मऊ थर खरवडून खालच्या घट्ट जागेपर्यंत पोचतं. ट्रॅक्शन कंट्रोल चालू असेल तर चाक फिरायला लागलं रे लागलं की ताकद कापली जाते आणि गाडी तिथेच धापा टाकत बसते.

तर रुतल्यावर असं करा: आधी पुढची चाकं सरळ करा, वाकडी चाकं स्वतःच समोर मातीचा बांध करून ठेवतात. मग बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत, अगदी कमी रेसवर प्रयत्न करा. नाही हललं तर थोडं मागे थोडं पुढे असं झुलवून स्वतःचीच वाट दाबून घ्या, चाकाखाली पायपुसणं, फांद्या, खडी, जे हाताशी असेल ते घाला, फक्त चाकाच्या रेषेत मागे-पुढे कुणाला उभं राहू देऊ नका, घातलेली वस्तू जोरात उडते. वाळूत असाल तर टायरची हवा कमी केली की टायर पसरतो आणि खूप फरक पडतो, पण रस्त्यावर आल्यावर हवा परत भरल्याशिवाय वेगात जायचं नाही. आणि जोरात रेस देऊन एकच चाक मिनिटभर भिंगरीसारखं फिरवत ठेवू नका, गाडी आणखी खोल जाते आणि डिफरन्शियलमधले छोटे गिअर तापून खराब होतात ते वेगळंच.

गाडी बाहेर निघाली की बटण लगेच परत दाबा, हे लोक विसरतात. बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन बंद करून चालू केलं की ते आपोआप परत चालू होतं, काहींमध्ये ठराविक वेग ओलांडला की होतं, तुमच्या गाडीचं मॅन्युअलमध्ये बघा. आणि हेही बघा की बटण एकदा दाबल्यावर काय बंद होतं आणि दाबून धरल्यावर काय बंद होतं, कारण अनेक गाड्यांमध्ये नुसतं दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं पण काही सेकंद दाबून धरलं तर स्टॅबिलिटी कंट्रोलही (गाडी वाकडी व्हायला लागली की तिला ओळीत आणणारी सोय) जातं, ते मात्र रस्त्यावर कधीच घालवायचं नाही.

चाकांना बर्फाच्या साखळ्या लावल्या असतील तरी काही कंपन्या ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायला सांगतात, तेही मॅन्युअलमध्येच असतं.

संथगती:
नवचालक, तुमच्या ऑफिसातल्या माणसाचा सल्ला ऐकू नका, कळकळीने सांगतेय. रुतलेली गाडी वेगळी आणि ओल्या रस्त्यावर धावणारी गाडी वेगळी. "पिकअप मिळेल" म्हणजे काय होईल, चाक गरगरेल, आवाज मोठा होईल, आणि जोर आल्याचा भास होईल. गरगरणारं चाक गाडीला पुढे कमी ढकलतं. पकड सगळ्यात जास्त असते ती टायर अगदी किंचित घसरत असतो तेव्हा, पूर्ण सुटल्यावर नाही.

आणि तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे हे इथे महत्त्वाचं. टायरची पकड पगारासारखी असते, जेवढी आहे तेवढीच, ती वेग वाढवण्यात, ब्रेकमध्ये आणि वळण्यात वाटून द्यावी लागते. पुढची चाकं ताकदही देतात आणि वळवतातही, त्यामुळे ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर जोरात दाबलात आणि चाकं सुटली तर वळायला काही उरतच नाही, स्टिअरिंग वळवलंय आणि गाडी सरळ समोर निघालीय असा प्रकार होतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तेच मागे होतं, शेपूट बाहेर येतं आणि गाडी गोल फिरते. ट्रॅक्शन कंट्रोल हे दोन्ही सुरुवातीलाच आवरतं.

आता मला यातलं सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं ते सांगते. ट्रॅक्शन कंट्रोल फक्त गाडीला वेग देताना मदत करतं. ब्रेक लावताना त्याचा काही संबंध नाही, आणि वळणात तुम्ही आधीच जास्त वेगाने शिरला असाल तर तेव्हाही नाही. त्यामुळे होतं असं की या सिस्टीममुळे निसरड्यावर गाडी छान उचलते, ड्रायव्हरला वाटतं रस्ता ठीकच आहे, आणि थांबायची वेळ आली की कळतं. ढोबळ हिशोब बघा, ताशी ६० किमी वेगाला कोरड्या चांगल्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरमध्ये गाडी थांबते, ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ३५ मीटर लागू शकतात, आणि बर्फाच्या काचेसारख्या थरावर १४० मीटरच्या आसपास. यात आपला पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही, ते वेगळं, एक सेकंद गेला तरी जवळजवळ १७ मीटर. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं.

ब्रेकच्या वेळी चाकं लॉक होऊ नयेत हे काम एबीएसचं, ते आजच्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात १९७८ पासून गाड्यांमध्ये आलं. गाडी वाकडी व्हायला लागली की वेगवेगळ्या चाकांना ब्रेक लावून तिला ओळीत आणणं हे स्टॅबिलिटी कंट्रोलचं, ते १९९५ ला मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये पहिल्यांदा आलं, त्याला स्टिअरिंग किती वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय हे मोजणारे जास्तीचे सेन्सर लागतात. ट्रॅक्शन कंट्रोल या दोघांच्या मधलं. तिन्ही मिळूनसुद्धा रस्त्यावर नसलेली पकड आणून देत नाहीत.

नवचालक:
वा, इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. म्हणजे चढावर निघताना पाय उलट हलका करायचा, हे कळलं. अजून दोन शंका. उतारावर ओला रस्ता असेल तर ट्रॅक्शन कंट्रोलचा काही उपयोग होतो का? आणि एकदा ती खूण लुकलुकायच्या ऐवजी सलग पेटून राहिली होती, गाडी बंद करून चालू केल्यावर गेली, ते काय होतं?

टॉर्कपाना:
सलग पेटली म्हणजे दोनपैकी एक, सिस्टीम बंद आहे किंवा तिला काहीतरी चुकीचं दिसतंय. कुणाचा हात लागून बटण दाबलं गेलं असेल तर बहुतेक गाड्यांमध्ये शेजारी 'ऑफ' असं वेगळं दिसतं. तसं नसेल तर चाकाच्या सेन्सरवर चिखल किंवा लोखंडाचा कीस बसणं, त्याची वायर सैल होणं, ही नेहमीची कारणं. आणखी एक, चार टायरपैकी एखादा वेगळ्या मापाचा असेल, किंवा छोटं स्टेपनी चाक लावलं असेल, तर त्या चाकाचा वेग कायमच वेगळा येतो आणि कॉम्प्युटर गोंधळतो. परत पेटली तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, कोणत्या चाकाचा सेन्सर ते सरळ कळतं. साधे ब्रेक चालू असतात पण सोबत एबीएसचा दिवाही पेटला असेल तर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होतील हे धरूनच चालवा.

जास्त वेळ चाक गरगरत राहिलं तर सारखा ब्रेक लागून तो तापतो, मग काही गाड्यांमध्ये सिस्टीम स्वतःच थोडा वेळ थांबते आणि खूण पेटलेली राहते, थंड झालं की पूर्ववत. तुमचं असंही असू शकेल.

उतारावर उपयोग जवळजवळ नाही, कारण तिथे तुम्ही ताकद देतच नाही. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाका, इंजिनलाच गाडी धरू द्या. पण निसरड्यावर एकदम खालचा गिअर टाकून क्लच फटकन सोडायचा नाही, इंजिनचा ब्रेक फक्त ताकदीच्या चाकांवर येतो आणि ती चाकं अचानक घसरतात, ब्रेक न दाबताच गाडी सरकते. काही गाड्यांमध्ये अशा वेळी इंजिनची रेस आपोआप थोडी वाढवणारी सोय असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. आणि क्रूझ कंट्रोल (पाय न ठेवता वेग कायम राखणारी सोय) ओल्या रस्त्यावर बंद म्हणजे बंद.

रबराची_खाच:
तुम्ही सगळे सेन्सर आणि बटणांवर बोलताय पण टायरचं नाव कोणी घेतलं नाही अजून. ही सगळी सिस्टीम शेवटी चार तळहातांएवढ्या रबरावर चालते. बऱ्याच देशांत खाच १.६ मिमीपर्यंत कायद्याने चालते पण ओल्या रस्त्यासाठी मी ३ मिमीच्या खाली थांबत नाही, खाच कमी झाली की पाणी बाहेर जायला वाटच राहत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल, काहीही कामाचं नाही, कारण टायर रस्त्याला टेकलेलाच नाही. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं आणि इंजिनचा आवाज चढतो ही त्याची लक्षणं. पाय ॲक्सिलरेटरवरून शांतपणे उचला, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेकवर उडी मारू नका, वेग उतरला की टायर परत टेकतो. हवा कमी असलेला टायर कमी वेगालाच तरंगतो, म्हणून पावसात हवा कमी करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, ते वाळूसाठी आहे, डांबरासाठी नाही.

थंड प्रदेशात राहत असाल तर तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड कमी होते, हिवाळी टायर मऊ राहतो. मला विचाराल तर साधी गाडी आणि चांगले टायर हे झिजलेल्या टायरवरच्या सगळ्या सोयींपेक्षा केव्हाही बरं.

आणि दीर्घ कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस, तो सगळ्यात वाईट, रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून वर येतात, चांगला जोराचा पाऊस पडून ते धुऊन जाईपर्यंत जपूनच.

बॅटरीस्वार:
इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी थोडं. मोटरचा टॉर्क पाय ठेवल्या ठेवल्या पूर्ण मिळतो म्हणून चाक सुटायला वेळ लागत नाही, पण मोटर आवरताही तितक्याच पटकन येते त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोल फार सफाईने काम करतं, कटकट क्वचितच ऐकू येते. सांभाळायचं ते पाय उचलताना. रीजनरेशन (पाय उचलल्यावर मोटरनेच वेग कमी करून बॅटरी भरणं) जास्तीवर ठेवलं असेल तर पाय उचलताच ताकदीच्या चाकांवर ब्रेक लागल्यासारखं होतं, बर्फावर तेवढ्यानेही गाडी सरकू शकते, म्हणून निसरड्यावर ते कमीवर ठेवा.

चढउतार:
@नवचालक, चढावर निघायचं एकदा परत सांगतो कारण मूळ त्रास तोच आहे. हँडब्रेक ओढून ठेवा, पहिला गिअर, क्लच अर्ध्यावर येऊन गाडीचं नाक किंचित उचललं की हँडब्रेक सोडा, रेस थोडीच आणि एकसारखी. पहिल्यात चाक फिरतच असेल आणि चढ सौम्य असेल तर दुसऱ्यात निघून बघा, टॉर्क कमी पोचतो, क्लचला थोडा त्रास होतो पण चाक सुटत नाही. आणि समोरची गाडी चढताना दिसत असेल तर ती वर जाईपर्यंत खालीच सपाटीवर थांबा, म्हणजे मधेच थांबून परत निघायची वेळच येणार नाही.