झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातल्या नाटकांचं) स्टेज आणि धुमालची (वरातीतल्या बँडची) गाडी: चार नगांचा ब्रास पॅक घ्यावा, की दोनच सिम्बल पण चांगले?

झाडीचा ड्रमर
दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावोगावची जत्रा लागते, वडसा गावच्या नाटक कंपन्यांची नाटकं सुरू होतात. सीझनच्या तोंडावर ड्रमसेटसाठी नवे सिम्बल (स्टँडवर लावून काठीने वाजवायच्या धातूच्या थाळ्या) घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो: वीस-पंचवीस हजार हाताशी असतील तर हाय-हॅट (पायाने उघड-मीट होणारी जोडी), दोन क्रॅश (जोरदार फटक्याचे) आणि राइड (सलग ताल धरायची) असा डब्यातला ब्रास पॅक घेऊ नका. दोनच नग घ्या, १४ इंची हाय-हॅट आणि १८ इंची पातळ क्रॅश.

कारण धातूत आहे. ब्रास म्हणजे पितळ, साधारण ६३ टक्के तांबं आणि ३७ टक्के जस्त, घरच्या घागरीचीच जात. हळू मारा की जोरात, तिचा 'टँग' बदलत नाही, नुसता मोठा होतो. बी८ या मिश्रधातूत ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील. आवाज लख्ख आणि सरळ. बी२० मध्ये ८० आणि २०, म्हणजे जवळजवळ आपलं कासंच. हळू वाजवलं तर अंधारा म्हणजे गडद, दाबून वाजवलं तर उघडत जाणारा आवाज.

निम्म्याहून जास्त पैसे हाय-हॅटवर घाला. रात्री दहापासून पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात लावणी असो की डान्स, काठी सगळ्यात जास्त तिच्यावरच पडते. वरची ९०० ते १००० ग्रॅम, खालची १२०० ते १३००. खालची जड असली की पायाने मिटताना 'चिक' स्वच्छ येतो. १८ चा क्रॅश १४०० ग्रॅमच्या आसपास असला तर त्याच्यावर राइडही चालवता येते. वेगळी २० ची राइड पुढच्या वर्षी.

धुमाल गोंदिया
राजेहो, हे नाटकवाल्यायचं गणित हाये. धुमाल गाडीवर चालते, बाजूले कॅसिओ आन् बेसचे डबे वाजून राहिले असतात, हातात २बी सारखी जाड काठी. तिथं १४०० ग्रॅमचा पातळ क्रॅश एक लग्नसराई नाही काढत. पातळ सिम्बलले आवाजाची हद्द असते. त्याच्या पुढं कितीबी मारा, आवाज वाढत नाही, काठावरचा ताण तेवढा वाढते.

आमच्या कामाले १८ इंची मिडियम-हेवी बी८, १६००-१७०० ग्रॅम. नाही तं चायना, म्हणजे काठ वळवलेला सिम्बल. चायना उलटी लावायची, म्हणजे काठी गोल वळणावर बसते, धारेवर नाही. तिचा खरखरीत आवाज भोंग्याच्या गोंधळातूनही निसटून पुढं जाते.

आन् ब्रासले एवढी नावं ठेवू नका. एका चांगल्या बी२० क्रॅशच्या पैशात ब्रासचे दोन-तीन येतात. वरातीत लोक 'टँग'च ऐकाले येतात, अंधारा आवाज कोण ऐकून राहिला तिथं?

झाडीचा ड्रमर
भाऊ, चायनाचं पटलं. पण जड सिम्बल फुटत नाही हा गैरसमज आहे. जडाला उघडायला जोर जास्त लागतो, म्हणून माणूस आणखी मारतो. सिम्बल फुटतं ते मारायच्या पद्धतीने. ते जमिनीला समांतर लावलं आणि काठी सरळ धारेवर आपटली की पातळ-जाड दोन्ही चिरतात. स्टँड आपल्याकडे १०-१५ अंश झुकवा, काठीच्या खांद्याने (टोकामागच्या निमुळत्या भागाने) काठावर तिरका फटका मारा आणि हात लगेच बाजूला काढा. पुरणपोळीवरचं तूप पुसल्यासारखा, खिळा ठोकल्यासारखा नाही.

साउंड ऑपरेटर, ब्रह्मपुरी
दोघंही धातूवर भांडताय. नाटकात खरी अडचण शेपटीची आहे, म्हणजे फटक्यानंतर आवाज किती वेळ रेंगाळतो याची. कलाकाराचा माइक सिम्बलही उचलतोच. १८ चा क्रॅश पाच-सहा सेकंद गुणगुणत राहिला तर नायिकेचं पुढचं अर्धं वाक्य त्याच्याखाली जातं, आणि मी माइक वाढवला की शिट्टी सुरू.

विनोदी प्रवेशच घ्या. नटाने पंच टाकला, प्रेक्षक हसायच्या आत 'ढिश्श' वाजून मिटला पाहिजे. हे काम १० इंची स्प्लॅशचं, म्हणजे छोट्या सिम्बलचं. तो हाताने चिमटीत धरून गप्प करता येतो. खलनायकाच्या एंट्रीला मोठा आवाज लागतो, तिथे १६ चा पातळ क्रॅश पुरतो. पातळ लवकर उघडतो, लवकर विझतो. त्यामुळे माझी यादी: १४ हॅट, १६ पातळ, १० स्प्लॅश. १८ नकोच.

खरं सांगायचं तर ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅडवर) हे सगळे आवाज आहेतच. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, माझ्या हातात राहतो.

झाडीचा ड्रमर
फेडर तुमच्या हातात राहतो, हीच तर तक्रार आहे दादा! पॅडवर हाय-हॅट उघडी किंवा बंद, मधलं फारसं काही नाही. खऱ्या हॅटवर पाय अर्धा सोडला की निघणारी 'स्स्स' लावणीच्या तोड्यात लागते. आणि शोकप्रवेशात काठीला कापड गुंडाळून १८ वर हळूहळू रोल चढवला की जी लाट येते, ती १६ वर अर्धीच येते. स्प्लॅशचं मात्र मान्य, यादीत तिसरा नग तोच. शेपटी कमी करायची तर खालच्या बाजूला, मध्य आणि काठ यांच्यामध्ये दोन इंच कापडी टेपची पट्टी लावा. आधी एकच, दोन लावल्या तर आवाज मरतो.

पितळकर भंडारा
परदेशी ब्रँडच्या मागे का लागायचं? भंडारा पितळेच्या कामासाठी ओळखला जातो. चांगल्या कारागिराकडून गोल पत्रा कापून, मधे बेल म्हणजे घुमटी ठोकून घेतला तर निम्म्यात काम होईल.

बँडमास्तर
नाही होणार. भांड्याचं पितळ आणि वाद्याचं कासं यात फरक आहे, हे वर आलंच. शिवाय सिम्बल म्हणजे गोल ताट नव्हे. तो मध्यात जाड आणि काठाकडे पातळ होत जातो, ठोकून त्यात ताण भरलेला असतो. एकसारख्या जाडीच्या पत्र्याला नुसती बेल काढली तर तो ताटासारखाच वाजतो. भजनाची हातातली झांज चांगली ओतणारे कारागीर आहेत, पण ती लहान, जाड, एकमेकींवर आपटायची. मिरवणुकीच्या बँडसाठी मेरठच्या जाली कोठी या बँडवाद्यांच्या बाजारातला माल चालतो. ड्रमसेटच्या स्टँडवर तोही लावू नये, जड पडतो.

एक दुरुस्ती दोन्ही बाजूंना. धातूच्या आकड्यावरून दर्जा ठरवू नका. पैस्ते कंपनीची '२००२' नावाची मालिका १९७१ पासून बी८ चीच आहे आणि महागात गणली जाते. बी२० लिहिलेला निकृष्ट सिम्बलही बाजारात मिळतो. घासणी, ठोकणी, वजन बघा. नागपूरला सीताबर्डीवर जाल तेव्हा आपलीच काठी घेऊन जा. दुकानाच्या काचेच्या खोलीत सगळंच चकचकीत ऐकू येतं, म्हणून सोबत्याला दाराबाहेर वीस फुटांवर उभा करा आणि त्याला विचारा. सिम्बल अगदी हळू, मध्यम आणि पूर्ण जोरात असा तिन्ही वेळा वाजवा. हळू वाजवल्यावर जो उघडतच नाही, तो स्टेजला निरुपयोगी.

धुमाल गोंदिया
मास्तर, काठाले अर्धा इंच चीर गेली तं वेल्डिंग मारता येते का? गावात गॅसवाला हाये.

बँडमास्तर
मुळीच नको. जास्त कथिलाचा धातू तापवून पाण्यात विझवलेला असतो, म्हणून तो ठोके सोसतो. वेल्डिंगने तो पुन्हा तापतो, हळू निवतो आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना ठिसूळ होतो. चिरेचं दिसणारं टोक हे खरं टोक नसतं. त्याच्या दोन-तीन मिमी पुढे ३-४ मिमीचं भोक पाडा. खाली लाकूड ठेवा, ड्रिल हळू चालवा. चीर काठाजवळच असेल तर तेवढा अर्धचंद्र कापून कानशीने धार गोल करा. आवाज थोडा बदलेल, पण चीर बहुतेक थांबेल. बेलच्या बाजूने गोल फिरलेली चीर असेल तर सिम्बल गेला समजा.

आणि चमकवायला चिंच, लिंबू-मीठ, भांड्याची पावडर लावू नका. कंपनीचा छाप जातोच, खळग्यांत पावडर बसते. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. थंडीत दवात वाजवलेला तसाच पिशवीत टाकला की हिरवट डाग पडतात.

साउंड ऑपरेटर, ब्रह्मपुरी
सेकंडहँड घेणाऱ्यांनी मधलं भोक बोटाने चाचपावं. कुलपाच्या छिद्रासारखं एका बाजूला ओढलेलं असेल तर तो स्लीव्हशिवाय (स्टँडच्या दांड्यावरच्या प्लास्टिक नळीशिवाय) वाजवलेला आहे. काठावर नख फिरवा, जिथे अडकेल तिथे चीर. ऑनलाइन घेत असाल तर त्याच नगाचं ग्रॅममधलं वजन आणि रेकॉर्डिंग मागा.

धुमाल गोंदिया
स्लीव्ह तं पहिल्याच वरातीत हरवते. आन् गाडी गड्ड्यातून गेली की वरचा नट ढिला होते, म्हणून पोरं तो कचकचून आवळतात.

झाडीचा ड्रमर
आवळलेला सिम्बल हलू शकत नाही, मग धक्का सगळा बेलजवळ बसतो आणि फुटायला ते एक कारण पुरतं. स्टँडचा आटा ८ मिमीचा असेल तर आतून तेवढीच आणि बाहेरून १२ मिमीच्या आत अशी प्लास्टिकची नळी घ्या, दीड इंचाचे दहा-बारा तुकडे कापून डब्यात ठेवा. फेल्ट (सिम्बलच्या वर-खाली लावायची मऊ चकती) नसेल तर सायकलच्या ट्यूबच्या दोन चकत्या, एक वर, एक खाली. नटासाठी एकावर दोन नट घ्या: खालचा सिम्बल मोकळा डुलेल इतपतच, वरचा त्याच्यावर घट्ट. मग गाडी आमगावपर्यंत गड्ड्यातून गेली तरी सुटत नाही.

धुमाल गोंदिया
दोन नटायचं करून पाहतो. ब्रास मात्र सोडत नाही.