मदत हवी आहे: लहान नगर परिषदेची हरितगृह वायूंची नोंद, पण कुठलाच आकडा गावाच्या हद्दीत बसत नाही

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगर परिषदेत कंत्राटावर आहे. मुख्याधिकारी साहेबांना २०२३-२४ ची शहराची उत्सर्जन नोंद हवी आहे. पद्धत जीपीसीची (शहरांच्या उत्सर्जन नोंदीची जागतिक नियमावली) धरली आहे, सध्या 'बेसिक' पातळीपुरती, म्हणजे ऊर्जा, वाहतूक आणि कचरा-सांडपाणी. गणिताची भीती नाही. विजेच्या एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, एक लिटर डिझेलला २.७ किलोच्या आसपास, हे सगळं मिळतं. गुणायचं कशाला, तेच मिळत नाही.

वीज कार्यालयाने जो कागद दिला तो अख्ख्या उपविभागाचा. त्यात आजूबाजूची खेडी आणि त्यांचे शेतीपंप. त्यातल्या बऱ्याच पंपांना मीटरच नाही, एचपीवर बिल.

डिझेलचं त्याहून अवघड. गावाला लागून हायवे आहे, पंपांवर रात्रभर परराज्यातले ट्रक टाक्या भरतात. तो धूर आमच्या नावावर का? आरटीओची नोंद घ्यावी, तर एमएच २९ म्हणजे पूर्ण जिल्हा.

आणि सरपण! सिलिंडर घरोघरी आहे, पण आंघोळीचं पाणी अजून पऱ्हाट्या-तुराट्यांवरच (कापूस-तुरीच्या वाळल्या काड्यांवर) तापतं. हे कुठल्या वहीत सापडणार? कोणी असं काम केलं असेल तर सांगा.

धुऱ्यावरचा
भाऊ, विजेसाठी उपविभाग मागूच नका. कोणत्याही घरचं बिल काढून पाहा, त्यावर मार्ग-क्रम आणि डीटीसी (ज्या ट्रान्सफॉर्मरवरून वीज येते त्याचा क्रमांक) छापलेला असतो. हद्दीतल्या डीटीसींची यादी लाइनमनसोबत बसून करा, मग त्या यादीचे वर्गवारीनुसार युनिट लेखी मागा. पथदिवे आणि पाणीपुरवठ्याची बिलं तर तुमच्याच लेखा विभागात पडून असतील, तिथून सुरुवात करा.

विहीरवाला
पंपवाल्याशी चहा प्या, कागदापेक्षा जास्त कळते. पेट्रोल बहुतेक आपल्या मोटारसायकलींचंच असते, ते पूर्ण धरा. डिझेलमध्ये हायवेवरचे पंप वेगळे काढा आणि गावातल्या पंपांचं घ्या. हायवेच्या पंपावरून गावातली किती वाहनं भरतात ते दोन-तीन दिवस माणूस उभा करून मोजा. आणि शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरचं डिझेल वाहतुकीत टाकू नका बाप्पा, जीपीसीत ते शेतीच्या ऊर्जेत जाते.

चूलबंद
सरपणासाठी २०११ च्या जनगणनेत घरनिहाय स्वयंपाकाचं इंधन आहे. जुनं आहे, उज्ज्वला २०१६ ला आली, त्यामुळे तेच चिकटवू नका. आशाताईंसोबत वॉर्डावॉर्डातली थोडी घरं निवडा. "चूल पेटवता का?" विचारलं की लोक नाही म्हणतात. "आंघोळीचं पाणी कशावर?" असं विचारा. सापडलं तर एका दिवसाचं सरपण काट्यावर वजन करून घ्या.

एक लक्षात ठेवा: लाकूड-पऱ्हाटीचा कार्बन डायऑक्साइड बेरजेत धरत नाहीत, वेगळा दाखवतात. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र बेरजेत येतात. तीच पऱ्हाटी शेतात धुऱ्यावर (बांधावर) पेटवली तर ती शेतीच्या खात्यात, आणि ते खातं बेसिकमध्ये येतच नाही.

मूळ प्रश्नकर्ता
डीटीसीची युक्ती सुचलीच नव्हती, उद्याच लाइनमनला गाठतो. गॅस एजन्सीकडून सिलिंडरचा आकडा मिळतोय, १४.२ किलोचा एक म्हणजे साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड. पण तीही खेड्यांना पुरवते. आणि कापसाचे जिनिंगवाले विजेचे युनिट सांगायला तयार नाहीत. ती जागा कोरी सोडू का?

चूलबंद
कोरी नको, शून्य तर मुळीच नको. मिळालं नाही तिथे 'एनई' (म्हणजे अंदाज केलेला नाही) लिहा आणि का मिळालं नाही ते शेजारी नोंदवा. पण जिनिंगपुढे 'एनई' लिहायची घाई नको, वीज कार्यालयाकडे हद्दीतल्या औद्योगिक वर्गाची एकत्र बेरीज मागितली की तेही त्यात येतील, कुणाचं नाव उघड न होता. एजन्सीकडे डिलिव्हरीच्या मार्गांची वही असते, तीच मागा.