आजार टाळायला डुकराचं जनुक कापायचं, की हवा तो प्रकार निवडायचा?

शेणामातीची: एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक) पीआयसी या पैदास कंपनीच्या, पीआरआरएस या विषाणूजन्य रोगाला दाद न देणाऱ्या जनुक-संपादित डुकरांना मंजुरी दिली. हा रोग झाला की माद्यांचा गाभ गळतो, पिल्लं धापा टाकत मरतात. त्याचा विषाणू मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींवरच्या सीडी१६३ या रिसेप्टरला, म्हणजे पृष्ठभागावरच्या प्रथिनाला, धरून आत शिरतो. या डुकरांमध्ये रिसेप्टरचा विषाणूला लागणारा तुकडाच काढून टाकलाय.

मला हे पटत नाही. मुळात जे आहे ते निवडा की! दूध तुटलेल्या पिल्लांना हगवण लावणारा एफ४ ई. कोलाय हा जीवाणू सगळ्यांच्या आतड्याला चिकटत नाही. ते तेराव्या गुणसूत्रावरच्या एका फरकावर ठरतं. आई आणि बाप दोघांकडून न चिकटू देणारा प्रकार आला तर पिल्लू वाचतं. डेन्मार्कमध्ये ही खूण बघून नर-माद्या निवडल्या गेल्या, जनुकाला हात न लावता.

पिपेटवाला: ताई, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पैदाशीच्या ३५ हजारांहून जास्त डुकरांच्या आनुवंशिक माहितीत सीडी१६३ निसर्गतःच बंद पडलंय का, हे शोधून झालंय. एकही सापडलं नाही. एफ४चं नशीब इथे नाही. बरं, हा रिसेप्टर फुटलेल्या लाल पेशींचं हिमोग्लोबिन उचलतो, म्हणून अख्खा काढायचा नव्हताच. एडिनबरोच्या रोझलिन संस्थेने फक्त पाचवा भाग वगळला. विषाणू अडला, साफसफाई चालू राहिली.

निवृत्त_ढोरडॉक्टर: काम देखणं आहे, मान्य. पण १९७०चा अमेरिकेतला मका आठवा. बहुतेक संकरित बियाणं एकाच 'टेक्सास' वाणाच्या पेशीद्रव्याचं. करपा आला आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. डुकरांच्या सातव्या गुणसूत्रावर एसएलए या रोगप्रतिकाराच्या जनुकांचा संच असतो. विषाणूचा कोणता तुकडा टी-पेशींना (विषाणू ओळखणाऱ्या प्रतिकारपेशी) दाखवायचा, हे तिथे ठरतं. कळपात त्याचे प्रकार जितके जास्त, तितकं सगळ्यांना एकदम गंडवणं अवघड. संपादित चार-दोन नरांपासून लाखो डुकरं काढलीत तर ते प्रकार आटतील. सीडी१६३ राहील बाजूला.

पिपेटवाला: डॉक्टर, तो दोष संपादनाचा नाही, पैदाशीचा. कृत्रिम रेतनाने एकच नर शेकडो माद्यांना वापरतात, ते आज संपादनाशिवायही चालूच आहे. तोच बदल वेगवेगळ्या वंशांत करता येतो.

शेणामातीची: "करता येतो" आणि "करतात" यात कंपनीचा ताळेबंद असतो, दादा.

आगोंदकर: गोंयकार म्हणून मध्येच तोंड घालतो. आमचं काळं, लहानखुरं 'आगोंदा गोवन' डुक्कर कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदलेलं आहे. पाव्हण्यांना 'चोरीस' (डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज) खायचा असतो, पण त्यात जाणाऱ्या डुकराची जात कोणी विचारत नाही! परदेशी नर आणून संकर करायचा उत्साह इतका, की तिचे रिसेप्टर कोणी मोजायच्या आधीच ती संपायची.

पिपेटवाला: यावर माझा वाद नाही. देशी जातींचे नमुने आधी गोठवून ठेवा, मग संकर करा.

निवृत्त_ढोरडॉक्टर: आणि आपल्याकडचं खरं दुखणं वेगळंच आहे. २०२०मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर आला, डुकरं पटापट गेली. तुमच्या सीडी१६३चा तिथे काय उपयोग?

पिपेटवाला: शून्य. तो रिसेप्टर नसलेली डुकरंही त्या तापाने आजारी पडली, हे प्रयोगात दिसलंय. आफ्रिकेतला वॉर्टहॉग (तिथलं रानडुक्कर) तोच विषाणू अंगात घेऊन ठणठणीत फिरतो. म्हणून त्याच्या रेला या प्रतिकाराशी संबंधित जनुकातले फरक पाळीव डुकरात घालून पाहिले. ती डुकरंही वाचली नाहीत.

शेणामातीची: म्हणजे वॉर्टहॉगला काय वाचवतं?

पिपेटवाला: एकच जनुक नसावं, असं मला वाटतं.

निवृत्त_ढोरडॉक्टर: हेच मी मघापासून सांगतोय, फक्त मक्याच्या भाषेत.