मदत हवी आहे: बाबांची नळी निघाली, मावशी परत घालते म्हणतात

सोनचाफा_८२ (धागाकर्ता), सकाळी ९:५२
बाबांची नळी सकाळी निघाली. पेशंट सांभाळायला ब्युरोने पाठवलेल्या मावशी म्हणतात मी घालते, आधीच्या घरी घातली आहे. घालू द्यावी का? ब्युरोवाला फोन उचलत नाहीये. कृपया लवकर सांगा, बाबांची खायची वेळ टळून गेली आहे.

आबा_मिरजकर, ९:५७
कसली नळी? नाकातली की लघवीची?

सोनचाफा_८२, ९:५९
खायची वेळ लिहिलंय ना वर. नाकातलीच.

आबा_मिरजकर, १०:०३
चिडू नका हो. मग बिनधास्त घालू द्या. आमच्या सासूबाईंना तीन वर्षं मावशीच घालायच्या. सिरिंजने हवा मारायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, गुडगुड ऐकू आली की नळी पोटात. पाच मिनिटांचं काम. उगाच नर्स बोलावली की व्हिजिटचे पैसे जातात.

हेमा_लेस्टर, १०:०६
नर्स आहे, नाइट ड्युटीवर, ब्रेकमध्ये लिहितेय. नका घालू देऊ. नळी फुप्फुसात गेली असली तरी ती गुडगुड पोटावर ऐकू येऊ शकते. आमच्याकडे इंग्लंडमध्ये त्या आवाजावर विसंबून फीड (नळीतून पातळ अन्न) द्यायला सक्त मनाई आहे. नळीतून ओढलेल्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता, बघतात, तो ५.५ किंवा त्याखाली हवा. शंका असेल तर एक्स-रे.
बाबांना काय झालंय? थोडंफार गिळतात का? मधुमेह आहे का?

खडीसाखर, १०:०८
एअर बेड घेतलाय का? नसेल तर आजच घ्या. दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाडाजवळची कातडी लाल दिसली तर बोटाने दाबून बघा, बोट काढल्यावरही लालच राहिली तर बेडसोरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा. तिथे तेल चोळू नका, आमच्याकडे चोळून चोळून जखम झाली.

सोनचाफा_८२, १०:११
खडीसाखर, धन्यवाद, पण आत्ता ते नको.
हेमाताई, मार्चमध्ये अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. गिळता येत नाही, म्हणून तर नळी. शुगर आहे. इन्सुलिन मावशींनी साडेसातला दिलं, नेहमीप्रमाणे. मग आठचं फीड द्यायला गेल्या तर नळी उशीवर. पण माझा प्रश्न नळीचा आहे.

हेमा_लेस्टर, १०:१२
आता तो नळीचा राहिला नाही. इन्सुलिन अंगात आहे आणि पोटात काही नाही. आत्ता ग्लुकोमीटरने शुगर बघा आणि आकडा लिहा. तोंडाने काही देऊ नका.

सोनचाफा_८२, १०:१४
मी हिंजवडीला ऑफिसात आहे. आईला फोन लावतो.

आबा_मिरजकर, १०:१५
हे आधी सांगायचं ना राव! आम्हाला वाटलं तुम्ही शेजारी उभे आहात.

सोनचाफा_८२, १०:२३
८१.

आबा_मिरजकर, १०:२५
८१ नॉर्मल आहे. ताई, लोकांना घाबरवू नका. वाटलंच तर साखरेचं पाणी चमच्याने पाजा.

हेमा_लेस्टर, १०:२७
आबा, त्यांना गिळता येत नाही. चमच्यातलं पाणी श्वासनलिकेत जाईल. आणि ८१ हा थांबलेला आकडा नाही, उतरता आहे. इन्सुलिन ३०-७० चं मिश्रण असेल तर दुपारपर्यंत खाली ओढत राहील. ७० च्या खाली गेलं की हायपो, म्हणजे शुगर धोक्याइतकी कमी. सोनचाफा, ब्युरोवाल्याचा नाद सोडा आणि बाबांच्या डॉक्टरांना फोन करा. त्यांनी उचलला नाही तर १०८. माझा ब्रेक संपला, ड्युटी संपल्यावर बघते.

वाटसरू_नगर, १०:४०
मुळात नाकातली नळी इतके महिने ठेवायचीच कशाला? पोटातून नळी घालून घ्या, पेग म्हणतात. माझ्या मेहुण्यांना केली, सुटसुटीत काम.

सोनचाफा_८२, दुपारी २:१०
उशीर झाला, माफ करा. डॉक्टरांनी लगेच जवळच्या नर्सिंग होममध्ये न्यायला सांगितलं. तिथे पोचेपर्यंत शुगर ६४ झाली होती. सलाईनमधून डेक्स्ट्रोज (साखर) दिलं, नंतर नवीन नळी घातली, एक्स-रे काढला. आता शुगर १३८ आहे, बाबा झोपलेत. हेमाताई, काय बोलू.
आता दुसरा प्रश्न. आई म्हणते मावशींना काढून टाक. मला कळत नाही त्यांच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं आणि काय नाही. ब्युरोने तर 'नर्स' म्हणूनच पाठवलंय.

उंबरठा, २:३५
मी सहा वर्षं घरोघरी पेशंट सांभाळते, म्हणून लिहिते. ब्युरोवाले आम्हालाच सांगतात, सगळं येतं म्हण. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई येते आणि आपला खाडा होतो. तुमच्या मावशींनी निदान विचारलं तरी. मी न विचारता नळी घालणाऱ्या पाहिल्यात, आणि घाल म्हणून मागे लागणारे घरवालेही पाहिलेत.
त्यांचं शिक्षण काय ते विचारा, पण रागाने नको. जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केला असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते, ती दाखवता येते. जीडीए (जनरल ड्युटी असिस्टंट) कोर्सवाली सहायक असते, नर्स नाही. आणि माझ्यासारख्या तर बघून बघून शिकलेल्या. अंघोळ, तोंडाची स्वच्छता, डायपर, कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करून माप लिहिणं हे मी कुणाहीपेक्षा चांगलं करते. नळी घालत नाही.
आणि बारा तासांच्या ड्युटीत धुणीभांडी सांगू नका.

वाटसरू_नगर, २:४१
पेशंट झोपलेला असताना दोन कप विसळले तर काय बिघडतं? पैसे पूर्ण घेता ना.

उंबरठा, २:४४
दोन कपांपासूनच सुरू होतं. मग पाहुण्यांचा स्वयंपाक.

आबा_मिरजकर, २:५०
विषय भरकटतोय. सोनचाफा, नळी निघाली कशी? बाबांनी ओढली असेल तर डावा हात बांधून ठेवा. आम्ही ओढणीने बांधायचो.

हेमा_लेस्टर, ३:४०
बांधू नका हो. आधीच अर्धं अंग गेलंय, उरलेला एक हात बांधला तर माणूस चिडतो, आणखी ओढतो. नाकावरची चिकटपट्टी रोज बदला. नाकावर तेल असेल तर ती टिकत नाही, मावशी मालिश करत असतील तर चेहरा सोडून करू द्या.
आता कामांबद्दल. मी वॉर्डात सहायिकेला काम सांगते तेव्हा ते तिला जमेल का हे बघणं माझ्यावर असतं, आमच्या नर्सिंग कौन्सिलच्या आचारसंहितेतच लिहिलंय. चुकीच्या माणसाला काम दिलं तर प्रश्न मला विचारतात. तुमच्या घरात काम सांगणारं कोण? ब्युरोवाला पाठवून मोकळा, तुम्ही हिंजवडीला, काकू घाबरलेल्या. सगळं मावशींच्या अंदाजावर. त्यांना काढलंत तर पुढचीचंही हेच होईल.
फीड त्या देऊ शकतात, पण आधी नर्सने समोर उभं राहून दोनदा करून घेऊ द्या. नाकपुडीपाशी नळीवर मार्करने खूण करून घ्या. फीडच्या आधी प्रत्येक वेळी खूण जागेवर आहे का बघायचं, सरकली असेल तर थेंबही द्यायचा नाही, फोन करायचा. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, फीडनंतरही निदान अर्धा तास. सिरिंजचा दट्ट्या काढून फीड आपोआप उतरू द्यायचं, ढकलायचं नाही. आधी आणि नंतर पाणी, किती ते डॉक्टरांना विचारा. गोळ्या कुटून फीडमध्ये कालवू नका, आणि कुठल्या कुटायच्याच नाहीत ते केमिस्टला विचारा.
इन्सुलिन इथे काही ठिकाणी सहायिकाही देतात, पण प्रशिक्षण घेऊन, नर्सने तपासल्यावर, शुगर स्थिर असलेल्या पेशंटला. तुमच्याकडे सुई टोचणं कधी चुकलं नव्हतं, क्रम चुकला. आधी शुगर, मग नळी जागेवर आहे का, मग इन्सुलिन. शुगर कितीच्या खाली असेल तर द्यायचं नाही तो आकडा डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या आणि पलंगाशेजारी चिकटवा.

सोनचाफा_८२, ३:५८
हा क्रम आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता. डिस्चार्ज कार्डावर फक्त युनिट लिहिलेत. मावशींशी बोललो आत्ता. सातवीपर्यंत शिकल्यात, नर्सिंगचं काही नाही. रडल्या. म्हणाल्या, दादा, सुई द्यायची का नाही हे मी कुणाला विचारायचं होतं?

खडीसाखर, ४:१५
बसायची गोल रिंग मिळते, ती मात्र घेऊ नका, रक्तपुरवठा अडतो. एअर बेडच घ्या.

मोरपंखी, दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३०
आत्ताच धागा पाहिला. लघवीची नळी निघाली असेल तर घाबरू नका, पण घरी घालू नका. पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवायची, जमिनीला टेकवायची नाही. बाबांचं वय किती?